ॲरिझोनात मतदार नोंदणी: नागरिकत्वाची शपथ झाली, तरी अर्ज का अडकतो?

निवडणूक जवळ आली की फीनिक्स, चँडलरकडच्या आपल्या लोकांचे तेच फोन सुरू होतात. "अहो, शपथ घेतली, फॉर्म भरला, आणि आता पत्र आलंय की नागरिकत्वाचा पुरावा द्या. मग मी नागरिक नाही का?" आहात हो. फक्त वाहन खात्याच्या संगणकाला ते अजून कळलेलं नाही.

पात्रता साधी आहे. अमेरिकेचं नागरिकत्व, मतदानाच्या दिवशी १८ वर्षं पूर्ण, ॲरिझोनात वास्तव्य, आणि निवडणुकीच्या २९ दिवस आधीपर्यंत नोंदणी. ग्रीनकार्डवाल्यांनी मात्र इथेच थांबायचं. लायसन्स काढताना काउंटरवर मतदार नोंदणीबद्दल विचारतात, आणि आपली माणसं सौजन्याने "हो" म्हणून बसतात. पुढे नागरिकत्वाच्या अर्जात याबद्दल सरळ प्रश्न असतो. नागरिक नसताना मत दिलं तर १९९६ पासूनच्या कायद्याने तो फेडरल, म्हणजे केंद्रीय, गुन्हा आहे आणि प्रकरण हद्दपारीपर्यंत जाऊ शकतं. आई-बाबांना ग्रीनकार्डवर आणलं असेल तर त्यांनाही हे बजावून सांगा.

आता खरी गोम. इथे नोंदणीचे दोन फॉर्म आहेत, राज्याचा आणि फेडरल. २००४ मध्ये ॲरिझोनाच्या मतदारांनीच कौल देऊन नोंदणीला नागरिकत्वाचा कागद सक्तीचा केला. फेडरल फॉर्ममध्ये मात्र 'मी नागरिक आहे' अशी शपथपूर्वक सही पुरते. हा वाद सुप्रीम कोर्टात गेला आणि २०१३ मध्ये ७ विरुद्ध २ असा निकाल लागला: फेडरल फॉर्म कागदाशिवायही राज्याने घ्यायलाच हवा. त्यावर ॲरिझोनाने मतदारांचे दोन वर्ग केले. कागद दिलेल्यांना पूर्ण मतपत्रिका. न दिलेल्यांना 'फेडरल ओन्ली', म्हणजे राष्ट्राध्यक्ष, सिनेट आणि प्रतिनिधीगृह एवढंच. गव्हर्नर नाही, शाळामंडळ नाही, जनमताचे प्रस्तावही नाहीत. "चालेल की, राष्ट्राध्यक्षाला मत देता येतंय ना?" म्हणणाऱ्यांना मी एकच आकडा सांगतो. २०२२ मध्ये इथल्या ॲटर्नी जनरलपदाचा, म्हणजे राज्याच्या मुख्य सरकारी वकिलाच्या पदाचा, निकाल फेरमोजणीनंतर २८० मतांनी लागला.

कोर्टकचेरी तिथे संपली नाही. २०२२ मध्ये राज्याने आणखी कडक कायदे केले. २०२४ च्या उन्हाळ्यात, ऐन निवडणुकीच्या तोंडावर, अपील कोर्टाने नियम आधी एका बाजूला फिरवला, मग दुसऱ्या, आणि २२ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की राज्याचा फॉर्म पुराव्याशिवाय आला तर नाकारा. अर्जदाराने काय, रोज निकालपत्रं वाचत बसायचं? म्हणून माझा सल्ला एकच: फॉर्म कुठलाही भरा, पुरावा पहिल्याच दिवशी सोबत जोडा. आणि भरण्याआधी काउंटी रेकॉर्डरच्या (मतदार नोंदणी सांभाळणाऱ्या स्थानिक कार्यालयाच्या) संकेतस्थळावर त्या आठवड्याचा नियम बघा.

पुरावा कुठला? बहुतेकजण लायसन्सचा नंबर टाकून मोकळे होतात, आणि नेमके तिथेच फसतात. १ ऑक्टोबर १९९६ नंतरचं ॲरिझोनाचं लायसन्स पुरावा म्हणून चालतं, पण ते काढताना तुम्ही नागरिक असाल तरच. आपण ते काढलं एच-वन या नोकरीच्या व्हिसावर किंवा ग्रीनकार्डवर असताना. वाहन खात्याच्या नोंदीत त्यावर परदेशी म्हणून खूण बसते, आणि शपथविधीनंतर ती आपोआप पुसली जात नाही. पासपोर्ट घेऊन वाहन खात्यात स्वतः जाऊन ती नोंद बदलून घ्यावी लागते. टेक्ससमध्ये २०१९ च्या जानेवारीत अशाच शिळ्या नोंदींवरून सुमारे ९५,००० मतदारांवर संशय घेतला गेला. त्यात हजारो लोक रीतसर नागरिक झालेले निघाले, खटले झाले आणि एप्रिलमध्ये राज्याने मोहीम मागे घेतली.

लायसन्स चालत नसेल तर अमेरिकन पासपोर्टच्या माहितीच्या पानाची झेरॉक्स सगळ्यांत सोपी. पासपोर्ट आला नसेल तर नागरिकत्वाचं प्रमाणपत्र. त्यावर छापलंय की बेकायदा प्रत काढणं गुन्हा आहे, आणि ते वाचून एक काकू झेरॉक्सच काढेनात. कायदेशीर कामासाठी प्रत काढता येते, घाबरू नका. नुसता नंबर लिहिला तर तो पडताळून होईपर्यंत नोंदणी पक्की होत नाही, त्यामुळे प्रत द्याच. जन्मदाखला म्हणजे अमेरिकेतला. आपला शाळा सोडल्याचा दाखला इथे कुणी विचारत नाही. शपथेच्या वेळी नाव बदललं असेल, मधलं वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव गाळलं असेल, तर लायसन्सवरचं नावही आधी जुळवून घ्या.

'हा एवढा कागद दाखवायला काय होतं?' असं म्हणणारे आपल्यातही पुष्कळ आहेत. नागरिकांनीच मत द्यावं याबद्दल दुमत नाही. पण कॅन्सस राज्याने असाच नियम केला तेव्हा ३१,००० हून जास्त अर्ज अडकले, आणि २०१८ मध्ये कोर्टाने तो नियम रद्द केला. ॲरिझोनात तर घोळ वाहन खात्यानेच घातला. १९९६ पूर्वी लायसन्स काढलेल्यांनी नंतर दुसरी प्रत घेतली की नवी तारीख पडायची आणि संगणक पुरावा मिळाला असं धरून चालायचा. ही चूक २०२४ च्या सप्टेंबरमध्ये उघडकीस आली, तेव्हा अशा मतदारांचा आकडा ९८,००० सांगितला, मग तो २ लाखांच्या वर गेला. राज्याच्या सुप्रीम कोर्टाने त्यांना पूर्ण मतपत्रिका द्यायला लावली, हे बरं झालं.

तारखांचा गोंधळ असा. २९ दिवसांची मुदत नोंदणीची. नाव 'फेडरल ओन्ली' यादीत गेलं असेल तर पुरावा द्यायला मतदानाआधीच्या गुरुवारी संध्याकाळी ५ पर्यंत वेळ असतो. ही दुसरी मुदत नवीन नोंदणीसाठी नाही, आणि पुराव्याअभावी नाकारलेला फॉर्म तिच्या भरवशावर ठेवू नका.

केंद्रावर जाताना आणखी एक खड्डा आहे. नोंदणीला चालणारा पासपोर्ट मतदानाला एकटा चालत नाही, कारण त्यावर पत्ता नसतो. सोबत पत्ता असलेलं वीजबिल किंवा बँकेचं पत्रक न्या. लायसन्सवरचा पत्ता यादीशी जुळत असेल तर तेवढं पुरे.

टपालाने मत देणार असाल तर पाकिटावरची सही नोंदीतल्या सहीशी ताडून पाहतात. नोंदणीच्या वेळी इंग्रजीत केली असेल तर पाकिटावर देवनागरीत करू नका. मतपत्रिका मतदानाच्या दिवशी संध्याकाळी ७ च्या आत त्यांच्या हातात पडायला हवी. त्या दिवशीचा टपालाचा शिक्का कामाचा नाही.