देवनागरी डोमेननावे आणि विकसनशील देश : पार्श्वभूमी

इंटरनेटवरील नावांची, म्हणजे संकेतस्थळांच्या पत्त्यांची (डोमेननावांची) व्यवस्था १९८०च्या दशकात उभी राहिली, तेव्हा नावात रोमन अक्षरे, अंक आणि जोडरेघ एवढेच चालेल असे ठरले. २००३ मध्ये त्यावर तोडगा निघाला, पण तो मूळ यंत्रणेला हात न लावता. वापरणाऱ्याला नाव देवनागरीत, अरबीत किंवा चिनीत दिसते आणि आत मात्र त्याचे रोमन सांकेतिक रूप फिरते. पत्त्याच्या शेवटी येणारे ‘.भारत’ हे नाव आजही यंत्रणेच्या लेखी ‘एक्सएन’ने सुरू होणारी अक्षरांची आणि अंकांची माळच आहे.

या तोडग्याचा मराठीला बसलेला फटका फारसा कोणाच्या लक्षात आला नाही. ‘दऱ्या’मधला अर्धा र संगणकात दोन प्रकारे साठवता येतो : ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराचा पाय मोडून, किंवा साध्या पायमोडक्या र नंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालून. २००३ च्या मानकात अशी अदृश्य चिन्हे गाळली जात, त्यामुळे दुसऱ्या पद्धतीने टंकलेल्या ‘दऱ्या’चा थेट ‘दर्या’ होत असे. २०१० च्या सुधारित मानकाने ते चिन्ह अक्षराचा पाय मोडल्यानंतर वापरण्यास मुभा दिली.

पत्त्याच्या शेवटी येणाऱ्या देशांच्या नावांसाठी स्थानिक लिप्यांचे दार नोव्हेंबर २००९ मध्ये ‘आयकॅन’ने, म्हणजे ही नावांची व्यवस्था सांभाळणाऱ्या संस्थेने, उघडले. मे २०१० मध्ये इजिप्त, सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिराती यांची अरबी नावे प्रत्यक्षात आली. भारताला २०११ मध्ये सात लिप्यांतील नावे मिळाली आणि ऑगस्ट २०१४ मध्ये ‘.भारत’ची देवनागरी नोंदणी सुरू झाली, तीत हिंदीबरोबर मराठी, कोकणी, नेपाळी, मैथिली अशा आठ भाषा सामावल्या. या मार्गावर प्रक्रियेच्या खर्चापोटी २६,००० डॉलर अपेक्षित होते, पण ते देणे ऐच्छिक होते. गरीब देशांच्या दृष्टीने हा निर्णय योग्य होता आणि त्याचा परिणामही दिसला.

देशांच्या नावांपलीकडील, कोणालाही मागता येणाऱ्या नव्या नावांच्या बाबतीत मात्र असा विचार झाला नाही. जानेवारी २०१२ मध्ये सुरू झालेल्या अर्जांच्या फेरीत प्रत्येक अर्जाला १,८५,००० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने जवळपास एक कोटी रुपये शुल्क होते. अर्जदार अमेरिकेतील महाकंपनी असो की आफ्रिकेतील भाषासंस्था, रक्कम एकच. एकच नाव तीन लिप्यांत हवे असल्यास तीन अर्ज आणि तिप्पट शुल्क. ज्या देशांत एकाच शहरात तीन लिप्या नांदतात, त्यांच्यावर याचा भार सर्वाधिक पडणार हे उघड होते. खर्च भरून काढण्यापुरतेच शुल्क घेतो, असे समर्थन ‘आयकॅन’ने केले. परंतु त्यातील ६०,००० डॉलर हे न्यायालयीन दाव्यांसारख्या अनिश्चित जोखमींसाठी धरलेले होते.

गरजूंसाठी सवलतीची योजना आली, पण तिचे नियम डिसेंबर २०११ मध्ये, अर्ज सुरू होण्याच्या जेमतेम महिनाभर आधी मंजूर झाले. सवलतीत शुल्क ४७,००० डॉलरवर येत होते. मात्र पात्रतेच्या कसोटीवर न उतरणाऱ्याला उरलेली रक्कम भरून फेरीत राहण्याची मुभा नव्हती, त्याचा अर्जच बाद होई. गैरफायदा टाळण्यासाठी घातलेल्या या अटीमुळे गरजू अर्जदारच मागे राहिले, असे मानण्यास जागा आहे. जगभरातून सवलतीसाठी फक्त तीन अर्ज आले आणि त्यांपैकी एकच पात्र ठरला. फेरीत एकूण अर्ज १,९३० होते. उत्तर अमेरिकेतून नऊशेहून अधिक, संपूर्ण आफ्रिकेतून १७. रोमनेतर लिप्यांतील अर्ज ११६ भरले.

या फेरीनंतर देवनागरीत ‘.कॉम’, ‘.नेट’ आणि ‘.संगठन’ ही नावे आली. तिन्हींचा ताबा अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील दोन संस्थांकडे आहे. मराठीत आपण ‘संघटना’ म्हणतो, तिथे कोणते रूप निवडायचे हे ठरवण्यात मराठी भाषकांचा आवाज असायला हवा होता. दक्षिण अमेरिकेतील वाद याहून तीव्र झाला. ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातील ब्राझील आणि पेरू या देशांनी ‘ॲमेझॉन’ या नावावरील त्याच नावाच्या कंपनीच्या हक्काला हरकत घेतली, २०१४ मध्ये अर्ज फेटाळला गेला, पण २०१७ मध्ये लवादाचा कौल कंपनीच्या बाजूने लागला आणि पुढे नाव तिच्याकडेच गेले.

नाव मिळाल्यानंतरही अडचण उरतेच. देवनागरी ईमेल पत्त्यांसाठीचे मानक २०१२ पासून उपलब्ध आहे, तरी अनेक संकेतस्थळांवरील माहिती भरण्याचे फॉर्म असा पत्ता ‘अवैध’ म्हणून नाकारतात. मग दुकानदार पाटीवर ‘.भारत’ लिहितो आणि व्यवहारासाठी रोमन पत्ता बाळगतो.

२०२६ च्या फेरीसाठी मूळ शुल्क २,२७,००० डॉलर ठरले आहे. पात्र अर्जदारांना त्यात ७५ ते ८५ टक्के सूट आहे, आणि सवलत नाकारली गेली तरी पूर्ण शुल्क भरून अर्ज करता येतो.