सड्यावर माती नाही, म्हणूनच तर फुलं आहेत

सप्टेंबर आला की ज्याच्या त्याच्या स्टेटसला कासची फुलं दिसायला लागतात, आणि खाली कुणीतरी हमखास लिहितं की काय सुपीक जमीन असेल हो तिथली! खरं तर सगळं उलटं आहे. साताऱ्यापासून साधारण २५ किमीवर, १२०० मीटर उंचीवर असलेलं हे पठार म्हणजे जांभ्याचा सडा, म्हणजे सपाट उघडा कातळ. बेसाल्ट हा सह्याद्रीचा काळा दगड लाखो वर्षं कुजून-झिजून वर उरलेला लोह आणि ॲल्युमिनियमचा कडक थर, त्यावर माती कुठे चार बोटं तर कुठे तेवढीही नाही, आणि जी आहे तिच्यातलं नायट्रोजन धो धो पावसात धुऊन जातं. मे महिन्यात गेलात तर नुसता तापलेला दगड. मोठ्या झाडाला मूळ धरायला जागा नाही, उंच गवतालाही फारसं पोषण नाही, मग वीतभर उंचीच्या नाजूक झाडांना मोकळं ऊन मिळतं.

पहिल्या सरी पडल्या की जमिनीतले कंद जागे होतात. मुसळी येते, आषाढ आमरी येते, डबक्यांत वायतुरा डोकं वर काढतो. ऑगस्टात चवर आणि पंद, पाणथळ जागी गेंदाची पांढरी बटणं, मग तेरडा, सोनकी, आणि ज्याला सगळे मिकी माऊस म्हणतात तो कवला. तीन-चार महिन्यांत उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि गायब.

यातली सीतेची आसवं जरा खाली बसून बघाच. वर इवलंसं निळं-जांभळं फूल, एकदम साधंसुधं वाटतं, पण खाली ओल्या मातीत खरी मुळं नसतातच, असतात ते बारीक बारीक फुगे. झाड फुग्यातलं पाणी बाहेर टाकत राहतं, त्यामुळे फुगा दाबलेल्या ड्रॉपरसारखा आत चेपलेला असतो आणि त्याचं दार बंद. एखादा सूक्ष्म जीव दाराजवळच्या केसाला लागला की दार उघडतं, पाण्याबरोबर तो आत खेचला जातो आणि दार परत बंद, हे सगळं आपली पापणी लवायच्या आत. जमिनीत नायट्रोजन मिळत नाही ना, मग ते असे जीव पचवून कमवायचं. शेजारची दवबिंदू नावाची वनस्पती तेच काम पानांवरच्या चिकट थेंबांनी करते.

प्राण्यांचीही अशीच घाई. आंबोलीच्या सड्यांवर एक भेक (बेडकासारखाच, खरखरीत कातडीचा) आहे, शास्त्रीय नोंद झाली २००९ मध्ये, आणि जगात फक्त त्याच भागात सापडतो. पहिला जोरदार पाऊस झाला की नर पिवळेजर्द होऊन दगडातल्या उथळ डबक्यांपाशी जमतात, कारण डबकं आटायच्या आत पिल्लांना पाय फुटायला हवेत.

आता गंमत बघा, कासला गर्दी आवरायला मध्यंतरी जाळीचं कुंपण घातलं, गुरं आत यायची बंद झाली, तर उंच गवत माजायला लागलं आणि फुलं झाकली जायला लागली अशी ओरड झाली, शेवटी कुंपण काढावं लागलं. उजाड दिसतंय म्हणून सड्यावर वृक्षारोपण करणाऱ्यांना तर मी हातच जोडतो. कोकणात सड्याला सुरुंग लावून खड्डे करतात, बाहेरून माती आणून भरतात आणि आंबा-काजू लावतात, कुणी विचारतही नाही, कारण सातबाऱ्यावर अशी जमीन बऱ्याचदा पोटखराब, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, म्हणूनच लागलेली असते.