पार्श्वभूमी : पोनीटेल पाम अजूनही बियांपासूनच का वाढवतात?

नर्सरीत ‘पोनीटेल पाम’ किंवा नुसतं ‘नोलिना’ म्हणून मिळणारं झाड पाम नाही. शास्त्रीय नाव बोकार्निया रिकर्व्हाटा, कूळ शतावरीचं, आणि जवळचे नातलग म्हणजे ड्रॅसिना व स्नेक प्लांट. नावातल्या ‘पाम’मुळे लोक त्याला अरेका पामसारखं दर दोन दिवसांनी पाणी घालतात आणि वर्षभरात ते बुडापासून सडतं. पण या झाडाच्या बाबतीत जास्त महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. त्याची फांदी तोडून सहज लावता येत नाही, गड्डा फोडून दोन झाडं होत नाहीत. बाजारातला जवळजवळ सगळा माल बियांपासून येतो, आणि त्याचा इतिहास, त्याची किंमत, त्याच्या मूळ जंगलाची आजची अवस्था हे सगळं तिथूनच सुरू होतं.

ते जंगल पूर्व मेक्सिकोत आहे : तामाउलिपास, सान लुईस पोतोसी आणि वेराक्रूझ या राज्यांतलं कोरडं पानझडी जंगल. पाऊस साधारण जून ते ऑक्टोबर, बाकीचे महिने कोरडे. म्हणजे ऋतुचक्र आपल्यासारखंच. मग आपल्याकडच्या पावसात हे झाड का सडतं? कारण तिथे ते खडकाळ उतारावर, बोटभर मातीत आणि दगडांच्या फटींत उभं असतं. पाऊस कितीही पडो, पाणी मुळांशी थांबत नाही. बुंध्यात साठवलेल्या पाण्यावर पुढचे कोरडे महिने निघतात. जंगलातली जुनी झाडं पाच-सहा मीटर उंच होतात, बुंध्याची साल कासवाच्या पाठीसारखी भेगाळते. कुंडीत आपण पाहतो ते याच झाडाचं बालपण, आणि ते बालपण कित्येक वर्षं चालतं.

युरोपात हे झाड एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला काचगृहांत पोचलं. 1861 मध्ये शार्ल लेमेर या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि प्रजातीला झाँ-बाप्तिस्त बोकार्न या बेल्जियन संग्राहकाचं नाव दिलं. पुढे 1884 मध्ये हेम्सली या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने ते नोलिना प्रजातीत टाकलं. नंतर शास्त्रज्ञांनी ते परत बाहेर काढलं, कारण बोकार्नियाच्या फळाला तीन पंख असतात, नोलिनाच्या फळाला नसतात. नर्सरीवाल्यांनी मात्र मधलं नाव सोडलं नाही. त्यात बिघडत काही नाही, फक्त बिया मागवताना ‘नोलिना’ एवढंच लिहिलं तर वेगळंच झाड हाती पडू शकतं.

घरात ठेवण्याचं झाड म्हणून त्याला खरी मागणी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. कमी पाणी, कमी देखभाल, कुत्र्या-मांजरांना विषारी नाही, आणि फुगीर बुंध्यामुळे टेबलावर ठेवलं तरी नजर जाते. मागणी वाढली तशी अडचण उघडी पडली. या प्रजातीत नर झाड वेगळं, मादी वेगळं. फुलावर यायला अनेक वर्षं लागतात आणि घरातल्या कुंडीत ते बहुधा फुलतच नाही. बी हवं तर उघड्यावर वाढलेली, जुनी, दोन्ही लिंगांची झाडं जवळजवळ हवीत. तशी झाडं सर्वांत जास्त होती मेक्सिकोच्या जंगलात. तिथून बी गोळा झालं, आणि सोबत रोपंही उपटली गेली. तयार बुंधा असलेलं रोप विकलं की वाढवण्याची चार-पाच वर्षं वाचतात. गुरचरण आणि शेतीसाठी जंगलही कमी होत होतं. म्हातारी झाडं उभी आणि खाली नवं रोप नाही, अशी स्थिती ठिकठिकाणी आली.

मेक्सिकोने आपल्या संरक्षित प्रजातींच्या अधिकृत यादीत या झाडाला जागा दिली. वेराक्रूझमध्ये परवानाधारक रोपवाटिका निघाल्या. तिथे जंगलातल्या झाडांचं ठरावीक बी घेऊन रोपं वाढवतात. वेराक्रूझमधल्याच हालापा इथल्या इकॉलॉजी संस्थेतल्या संशोधकांनी बोकार्नियाच्या ऊतिसंवर्धनाची (टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत ऊतींच्या तुकड्यांपासून रोपं वाढवण्याची) पद्धत 2005 मध्ये प्रसिद्ध केली. 2016 च्या जोहान्सबर्ग परिषदेत संपूर्ण बोकार्निया प्रजाती साइट्स (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा करार) कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेली. तेव्हापासून देशाबाहेर व्यापार करायचा तर कागदपत्रं लागतात. ऊतिसंवर्धन शक्य असलं तरी बी पेरणं स्वस्त पडतं, म्हणून व्यापार आजही बियांवरच चालतो.

घरी पेरायचं असेल तर बी ताजं हवं. जुन्या बियांचा भरवसा नाही. पंख चोळून काढा, कोमट पाण्यात 24 तास भिजवा. अर्धं कोकोपीट, अर्धी जाड वाळू किंवा परलाइट असं मिश्रण घ्या. समुद्राची वाळू नको, तिच्यातलं मीठ मुळं मारतं. बी अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा खोल पुरू नका. वरून फवारा मारून प्लास्टिक झाका, उजेड भरपूर पण थेट ऊन नको, आणि तापमान 25 ते 30 अंश. दोन ते चार आठवड्यांत गवताच्या पातीसारखं एकच पान वर येतं. काही बिया याहून खूप उशिरा उगवतात, त्यामुळे ट्रे लगेच फेकू नका. महाराष्ट्रात फेब्रुवारी-मार्च ही वेळ सोयीची. जुलैत पेरलं तर दमट हवेत कोंब जमिनीलगत काळा पडून आडवा होतो, म्हणजे मर रोग. कोंब दिसताच प्लास्टिक रोज थोडा वेळ उघडा आणि पाणी खालून, ट्रेमधून द्या. काही महिन्यांत पातीच्या बुडाशी वाटाण्याएवढी गाठ दिसू लागते. तोच पुढचा बुंधा. रोप हलवताना ती गाठ मातीवरच राहिली पाहिजे. गाडली तर कुजते.

दुसरी वाट पिल्लांची. बुंध्याला कधीकधी, विशेषतः शेंडा मोडल्यावर, बाजूने फुटवे येतात. दहा-बारा सेंटिमीटरचा फुटवा धारदार, निर्जंतुक पात्याने बुंध्याच्या थोड्या गरासकट काढायचा. पानं निम्मी छाटायची, जखम सावलीत चार-पाच दिवस वाळू द्यायची, मग मुळं फुटण्याची पावडर लावून जाड वाळूत उभा करायचा. वाळू किंचित ओलसर, हवा दमट, बूड उबदार. मुळं धरायला दोन ते चार महिने लागतात आणि बरेच फुटवे त्याआधीच सडतात किंवा सुकतात, कारण त्यांच्याकडे मुळंही नसतात आणि साठवलेलं पाणीही नसतं. जगलेल्या फुटव्यालाही गोल बुंधा यायला वर्षं लागतात. म्हणूनच मोठे उत्पादक या वाटेला जात नाहीत आणि घरच्या माणसानेही एकुलत्या झाडाला यासाठी जखम करू नये असं आमचं मत आहे. फुटवे मुळात तसेच शोभतात.

एका बुंध्यावर तीन-चार शेंडे असलेली महाग झाडं नर्सरीत दिसतात, ती वेगळी जात नाही. हे झाड एरवी फुलेपर्यंत फांद्या फोडत नाही. म्हणून उत्पादक खोड बुंध्याच्या वर आडवं कापतात, काप मेणाने किंवा गंधकाच्या पुडीने बंद करतात आणि खालचे डोळे फुटायची वाट पाहतात. कापलेला शेंडा सहसा मुळं धरत नाही. घरी हा प्रयोग केलात तर एक पथ्य पाळा : पानं नसलेलं झाड पाणी जवळजवळ पीत नाही, त्यामुळे नवे कोंब दिसेपर्यंत माती कोरडीच ठेवा.

कुंडीचं गणित जंगलाच्या उतारावरूनच येतं. कुंडी मातीची, बुंध्यापेक्षा तीन ते पाच सेंटिमीटरच मोठी आणि उथळ. मोठ्या कुंडीतली जास्तीची माती ओली राहते, मुळं तिथवर पोचत नाहीत. मिश्रणात दोन भाग माती, दोन भाग जाड वाळू, एक भाग विटांचे बारीक तुकडे आणि एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत. वरची दोन-तृतीयांश माती वाळल्यावर भरपूर पाणी, भोकातून बाहेर येईपर्यंत, आणि बशीतलं पाणी ओतून टाकायचं. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी, थंडीत तीन-चार आठवड्यांनी. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर कुंडी छपराखाली घ्या. खिडकीशी निदान चार तास ऊन हवं; अंधाऱ्या कोपऱ्यात झाड लगेच मरत नाही, पण नवी पानं बारीक आणि फिकी येतात. आतलं झाड एकदम गच्चीवर नेलं की पानांवर पांढरट डाग पडतात, म्हणून दहा-पंधरा दिवस हळूहळू ऊन वाढवा.

तब्येत बोटाने कळते. बुंधा दाबून पाहा. सुरकुतलेला पण टणक असेल तर तहान आहे, पाणी दिल्यावर काही दिवसांत भरतो. एका बाजूने मऊ लागत असेल आणि आंबूस वास येत असेल तर सड आहे. लगेच कुंडीतून काढा, काळी मुळं कापा, मऊ भाग टणक गर लागेपर्यंत खरवडा, बुरशीनाशक लावा आणि आठवडाभर उघडं ठेवून कोरड्या मिश्रणात लावा. मधला शेंडा सहज उपटून आला तर मात्र सड आतपर्यंत गेलेली असते. फक्त पानांची टोकं तपकिरी होत असतील तर बहुधा क्षारयुक्त बोअरचं पाणी किंवा जास्त खत कारणीभूत असतं. पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसा आणि दर आठवड्याला पुन्हा बघा, कारण त्याची अंडी पानांच्या बुडाशी लपतात.

परदेशातून बियांचं पाकीट किंवा छोटं रोप सामानात टाकून आणण्याचा विचार असेल तर तो सोडा. भारतात बी-रोप आणायला 2003 च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. त्यावर साइट्सची कागदपत्रंही. इथल्या नर्सरीत मिळणारं वीतभर रोप सोपं पडतं. फक्त घेताना बुंधा चारही बाजूंनी दाबून बघा.