पत्र्यावर पाण्याचे थेंब का होतात?

रंग देण्याआधी गाडीचे दार घासून झाले की त्यावर तांब्याभर स्वच्छ पाणी ओतावे आणि अर्धा मिनिट नुसते पाहावे. पाणी अखंड पसरून राहिले तर तेलकटपणा गेला असे समजावे. अळूच्या पानावर होतात तसे थेंब झाले, तर तिथे मेण, ग्रीस किंवा सिलिकॉन अजून शिल्लक आहे. पाण्याच्या रेणूंना एकमेकांपेक्षा पत्र्याची ओढ जास्त असेल तरच पाणी पसरते, आणि ओला प्रायमरही (रंगाखालचा पहिला थर) याच नियमाने पत्र्याला धरतो. सिलिकॉनचा अंश राहिला की त्याभोवतीचा ओला रंग मागे सरकतो आणि पेंटर ज्यांना फिश-आय म्हणतात ते गोल खड्डे पडतात.

म्हणूनच मेण काढण्याचे काम घासण्याच्या आधी करायचे असते, कारण आधी घासले तर पॉलिश पेपर तेच मेण ओरखड्यांमध्ये दाबून बसवतो. एका फडक्याने डीग्रीझर, म्हणजे तेल-मेण विरघळवणारा द्रव, लावावा आणि तो उडून जाण्याआधीच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे. तो पत्र्यावरच वाळला, तर विरघळलेले मेण पुन्हा जागच्या जागी बसते.

गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि वरचा रंग खालून उचलतो, त्यामुळे फोडाच्या जागी ८० नंबरच्या खरखरीत पेपरने (नंबर वाढतो तसा पेपर बारीक होतो) चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासण्याला पर्याय नाही. मग १८० ने जुन्या रंगाची कड बोटाला लागणार नाही इतकी उतरती करावी आणि शेवटी ३२० फिरवावा. घाईने मधला नंबर गाळला की खोल ओरखडे राहतात आणि प्रायमर वाळून आकसला की ते वर उमटतात.

माझा पहिला प्रयोग फसला तो लांबीमुळे, म्हणजे पत्र्यातले खड्डे भरायच्या पुट्टीमुळे. शिवाजी उद्यमनगरातून डबा आणला, खड्डा भरला आणि धूळ नको म्हणून लांबी पाणी मारून घासली. पॉलिएस्टर लांबी सच्छिद्र असते, ती पाणी शोषते. रंगाखाली अडकलेल्या त्या पाण्याने दोन महिन्यांत फोड आले. लांबी कोरडीच घासावी.

त्यात महिना आषाढाचा होता. हवा २५ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ८५ टक्के असताना दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे पाणी होऊ लागते तो, २२ अंशांच्या थोडा वर असतो, आणि पत्रा दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश गरम असावा असा रंगकामाचा नियम आहे. कोल्हापूरच्या पावसाळ्यात सावलीतला पत्रा या अटीत क्वचितच बसतो. दिवाळीनंतरची कोरडी दुपार बरी.

हार्डनर घालायच्या टू-के (दोन घटकांच्या) प्रायमरमध्ये आयसोसायनेट हे फुफ्फुसांना घातक रसायन असते आणि कापडी मास्क ते अडवत नाही, तेव्हा ती फवारणी गॅरेजवाल्याकडेच सोपवावी, असे माझे मत आहे. मात्र दार त्याच दिवशी न्यावे. उघड्या पत्र्यावर दमट हवेत एका रात्रीत तांबूस झाक येते आणि ८० नंबरचा पेपर पुन्हा हातात घ्यावा लागतो.