सोसणाऱ्या नायिकेची चीड का येते?

दिवाळी अंक उघडला की एक कथा हमखास सापडते. नवरा पिऊन येतो, सासू घालूनपाडून बोलते, भाऊ माहेरचं दार लावून घेतो, आणि नायिका पदराने डोळे पुसत सगळ्यांचं करत राहते. लिहिणाऱ्याचा हिशोब सरळ असतो, जितकं सोसेल तितका वाचक हळहळेल. पण चारपाच पानांनंतर आपल्या मनात येतं काय, तर "अगं बाई, बोल की एकदा काहीतरी!" कीव कमी, चिडचिड जास्त. मालिकांचं तर विचारूच नका. आता मोबाईलने आपल्या संवेदना बोथट केल्यात वगैरे नेहमीचं रडगाणं लावण्याआधी १९६६ सालचा एक प्रयोग बघा, माझा अत्यंत आवडता.

मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत कॉलेजच्या ७२ मुलींना पडद्यावर एक मुलगी दाखवली. ती शब्दांच्या जोड्या पाठ करतेय आणि चुकली की तिला विजेचा झटका बसतोय, ती कळवळतेय. (झटके खोटे होते, मुलगी अभिनय करत होती, पण बघणाऱ्यांना ते माहीत नव्हतं.) मग विचारलं, ही मुलगी तुम्हाला कशी वाटली? गंमत आता सुरू होते. काही जणींना मत देऊन तिची सुटका करता येत होती, त्यांनी ती केली आणि तिच्याबद्दल बरंच बरं बोलल्या. काही जणींना सांगितलं की हे अजून चालणार आहे आणि तुम्ही काही करू शकत नाही, तर त्यांनी तिलाच नावं ठेवली, म्हणजे फारशी आवडण्यासारखी नाही वगैरे. मुलगी तीच, किंचाळणं तेच! आणि सगळ्यात वाईट मत कुणाच्या वाट्याला आलं? एका गटाला असं ऐकवलं होतं की ती नाही म्हणत होती, पण बाकीच्या मुलींना त्यांचे मार्क मिळावेत म्हणून तयार झाली. म्हणजे दुसऱ्यांसाठी सोसणारी, आपल्या दिवाळी अंकातली नायिकाच की ही. तीच सगळ्यात नावडती ठरली.

लर्नर यांचं म्हणणं असं की जगात ज्याचं त्याला बरोबर मिळतं हे आपल्याला आतून मानायचंच असतं, नाहीतर रात्री झोप लागणार नाही, कारण मग उद्या आपलीही पाळी येऊ शकते. त्यामुळे कुणी विनाकारण सोसताना दिसलं की आधी आपण मदत करून हिशोब जुळवायला बघतो, आणि मदत शक्य नसेल तर माणसालाच खाली ओढून जुळवतो, तिचंच काहीतरी चुकलं असेल. आपल्याकडे तर याचं रेडीमेड उत्तर आहे, मागच्या जन्मीचं पाप, तिचे भोग. नवरा गेला की बाईला 'पांढऱ्या पायाची' म्हणून मोकळं होणारी माणसं काही खास राक्षस नसतात, त्या ७२ मुलींच्या डोक्यात जे चाललं तेच त्यांच्या डोक्यात चालतं, फक्त वर धर्माचा शिक्का असतो. आणि वाचकाचं काय? तो कथेत शिरून नायिकेला सोडवू शकत नाही, म्हणजे तो कायमच मदत न करू शकणाऱ्यांच्या गटात!

मग सगळ्याच दुःखी नायिकांची चीड का येत नाही? १९७४ साली अ‍ॅडरमन, ब्रेम आणि कॅट्झ यांनी जवळपास हाच प्रयोग परत केला आणि बदललं काय, तर आधीची सूचना. नुसतं नीट बघा असं सांगण्याऐवजी काही जणांना सांगितलं की तिच्या जागी तुम्ही आहात असं समजून बघा. तेवढ्याने नावं ठेवणं गायब झालं.

इथे मी एक उडी मारणार आहे, कारण तो प्रयोग कथेवर नव्हता. चांगला कथाकार ही सूचना न देता ती आपल्याकडून पाळून घेतो. हे बघा.

एक: सुमनने डबा भरला. नवरा काही न बोलता निघून गेला. सुमनला फार वाईट वाटलं.

दोन: सुमनने डब्याचं झाकण लावलं. आज तरी म्हणेल काहीतरी. गवारीत दाण्याचं कूट घातलंय, आवडतं त्याला. जिन्यात चपलांचा आवाज. जाऊ दे, घाईत असेल.

दुसऱ्यात दुःखाचा शब्दसुद्धा नाही. पण "आज तरी म्हणेल काहीतरी" हे वाक्य कोणाचं? लेखकाचं नाही, अवतरणचिन्हही नाही. ते वाचताना काही क्षण ते आपल्याच डोक्यात उमटतं, आणि "घाईत असेल" ही सबब तर आपणच नवऱ्याला देऊन बसतो. समीक्षकांकडे याला भारदस्त नाव आहे, ते सोडा. विली व्हान पीर आणि पांडर माट यांनी १९९६ मध्ये प्रत्यक्ष कथा घेऊन हे तपासलं, एकच कथा वेगवेगळ्या पात्रांच्या आतून लिहून वाचायला दिली, आणि ज्याच्या आत शिरता आलं त्याच्याकडे वाचकांची सहानुभूती झुकली.

पण मग रशियन लेखक चेकॉव्हची आन्ना आडवी येते. १८९९ सालची ती प्रसिद्ध कथा, याल्टाला कुत्रा घेऊन फिरणारी विवाहित बाई. चेकॉव्ह आपल्याला तिच्या डोक्यात जाऊच देत नाही, आपण सगळा वेळ गुरोवच्या, म्हणजे तिच्या प्रियकराच्या डोक्यात. हॉटेलच्या खोलीत ती स्वतःला दोष देत खचून बसलीय आणि हा टेबलावरच्या कलिंगडाची फोड कापून सावकाश खातोय. तिच्याबद्दल तुटतं ते त्या कलिंगडामुळे. त्याला जे दिसत नाही ते आपल्याला दिसतं, त्यामुळे तिची बाजू आपल्यालाच भरून काढावी लागते, ती लेखकाने आयती दिलेली नसते. दाण्याच्या कुटाचंही तेच, "वाईट वाटलं" हे तिथे आपण लिहितो. म्हणून मला वाटतं आत शिरणं हा अर्धाच भाग, खरा भाग म्हणजे वाचकाला काम देणं.

याच कथेवर टोरांटोत माया जिकिच, कीथ ओटली वगैरेंनी २००९ साली प्रयोग छापला. १६६ जणांपैकी काहींना मूळ कथा, काहींना तोच मजकूर घटस्फोटाच्या खटल्याच्या नोंदीसारखा लिहून, तपशील तेच, लांबी तेवढीच. आधी आणि नंतर स्वभावाची प्रश्नावली. कथा वाचणाऱ्यांच्या उत्तरांत जास्त फरक पडला, पण प्रत्येकाचा वेगळ्या दिशेने, म्हणजे सरासरी काढली असती तर वजाबाकीत सगळं साफ झालं असतं, म्हणून दिशा बाजूला ठेवून नुसता किती फरक ते मोजलं, आणि तो फरक वाचताना भावना किती हलल्या त्याच्याशी बांधलेला निघाला. फरक छोटाच होता हेही सांगायला हवं.

नाहीतर होतं काय, तर २०१३ साली किड आणि कास्टानो यांनी 'सायन्स' या साप्ताहिकात छापलं की थोडंसं साहित्य वाचलं तरी दुसऱ्याच्या मनातलं जास्त ओळखता येतं. जगभर बातम्या झाल्या, कथा वाचा आणि सहृदय व्हा! पुढे २०१६ आणि २०१८ मध्ये इतरांनी तोच प्रयोग मोठ्या गटांवर केला तर ते निकाल काही आले नाहीत. त्याच्या बातम्या मात्र फारशा वाचल्या गेल्या नाहीत.

आणि हो, हे सगळं बायकांनाच जास्त कळतं, पुरुष वाचक कोरडेच, असं म्हणणारे भेटतात. क्लाइन आणि हॉजेस यांनी २००१ साली दुसऱ्याच्या मनातलं अचूक ओळखण्याचे पैसे दिले तर पुरुषांना बायकांइतकंच ओळखता आलं.