मक्याला उशीर का झाला?

1620 च्या नोव्हेंबरात 'मेफ्लॉवर' जहाजातून अमेरिकेच्या केप कॉड किनाऱ्यावर उतरलेल्या इंग्रजांजवळचा शिधा संपत आला होता. वाळूचे ताजे ढीग दिसले म्हणून त्यांनी उकरलं, तर आत टोपलीत मक्याची कणसं पुरून ठेवलेली. काही पिवळी, काही लाल, काहींत निळे दाणे मिसळलेले. त्या भागातल्या वाम्पानोआग लोकांची कित्येक गावं आधीच्या तीन-चार वर्षांत साथीनं ओस पडली होती. इंग्रजांनी ती कणसं बियाण्यासाठी उचलली, पुढच्या वसंतात टिस्क्वांटम नावाच्या तिथल्याच माणसाकडून पेरणीची रीत शिकून घेतली, आणि वसाहत तगली.

त्याच्या शंभर वर्षं आधी मेक्सिकोत कोर्तेस या स्पॅनिश सेनानीला टेनोच्टिटलान हे अझ्टेकांच्या राजधानीचं शहर दिसलं होतं. त्याची लोकसंख्या काही अंदाजांनुसार दोन लाखांच्या घरात होती, म्हणजे तेव्हाच्या बहुतेक युरोपीय राजधान्यांहून जास्त. मग उत्तरेच्या अटलांटिक किनाऱ्यावर तशी शहरं का नव्हती? आणि मुळात अमेरिका खंडात शहरं, राज्यं, लेखन हे सगळं पश्चिम आशियाच्या मानानं इतकं उशिरा का उभं राहिलं? 'ती माणसं मागासलेली होती' हे उत्तर आजही ऐकू येतं. ते खोटं आहे, आणि का खोटं आहे ते एका गवताकडे पाहिलं की कळतं.

त्या गवताचं नाव टेओसिंटे. मेक्सिकोच्या नैर्ऋत्येला बाल्सास नदीच्या खोऱ्यात ते आजही रानात उगवतं. मक्याचा हा थेट पूर्वज, पण दोन्ही शेजारी ठेवले तर नातं पटणार नाही. मक्याचं ताट एकच आणि सरळ. टेओसिंटेला मात्र फुटवे आणि फांद्याच फांद्या. कणीस करंगळीएवढं, त्यात दोन ओळींत रचलेले पाच ते बारा दाणे. पिकलं की कणीस आपोआप मोडतं आणि दाणे सुटे होऊन मातीत पडतात. शिवाय प्रत्येक दाणा गारगोटीसारख्या टणक कवचात बंद. हे कवच जनावराच्या पोटातूनही दाण्याला सहीसलामत बाहेर काढतं. गवताच्या दृष्टीनं ही उत्तम सोय. भुकेल्या माणसाच्या हाती मात्र फारसं काही लागत नाही. दोन्ही वनस्पती इतक्या वेगळ्या दिसतात, की वनस्पतिशास्त्रज्ञांनीही टेओसिंटेला बराच काळ मक्याच्या प्रजातीत धरलं नव्हतं.

आता जंगली गहू पाहा. 1960 च्या दशकात जॅक हार्लन हा अमेरिकन शास्त्रज्ञ आग्नेय तुर्कस्तानातल्या काराजादा डोंगरउतारांवर गेला. तिथे जंगली गहू आपसूक दाट उगवतो. हार्लननं गारगोटीच्या पात्याचा विळा बनवला आणि कापणी सुरू केली. तासाभरात सुमारे एक किलो स्वच्छ धान्य निघेल एवढं पीक हाती आलं. एक कुटुंब तीन आठवडे राबलं तर वर्षभर पुरून उरेल एवढा गहू जमवू शकेल, असा त्याचा हिशेब निघाला. म्हणजे नांगरट नाही, पेरणी नाही, तरी कणगी भरलेली. या गव्हात बदलायचं होतं ते थोडंच: ओंबी पिकली की दाणे झडू नयेत. ही झड अगदी मोजक्या जनुकांवर ठरते. न झडणारा वाण शेतांत पूर्ण रुळायला हजाराहून जास्त वर्षं लागली, असं उत्खननातले अवशेष सांगतात. पण त्यानं काही अडलं नाही, कारण तोवर जंगली दाण्यावरही पोट भरत होतं. टेओसिंटेच्या बाबतीत ही चैन नव्हती.

टेओसिंटेच मक्याचा पूर्वज आहे, हे पटवून देण्यासाठी जॉर्ज बीडल या अमेरिकन जनुकशास्त्रज्ञांनी आयुष्याची दोन टोकं खर्ची घातली. 1930 च्या दशकात त्यांनी या कामाला हात घातला. मग जनुकांवरच्या वेगळ्याच संशोधनासाठी त्यांना 1958 चं नोबेल मिळालं. आणि निवृत्त झाल्यावर ते पुन्हा याच गवताकडे वळले. मका आणि टेओसिंटे यांचा संकर करून त्यांनी दुसऱ्या पिढीची तब्बल 50,000 रोपं वाढवली आणि मोजली. साधारण 500 रोपांत एक थेट मक्यासारखं, एक थेट टेओसिंटेसारखं. फरक एका जनुकाचा असता तर हे प्रमाण चारात एक आलं असतं. चार जनुकांना 256 त एक, पाच जनुकांना 1,024 त एक. म्हणजे एवढं प्रचंड रूपांतर मुख्यतः चार-पाच जनुकांच्या भागांत साठलेलं होतं.

पुढे जॉन डोब्ली हे जनुकशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातली दोन जनुकं नेमकी शोधून काढली. एक जनुक कवचाचं. त्यात डीएनएचं एकच अक्षर बदललं, त्यामुळे एका प्रथिनात एकच अमिनो आम्ल बदललं, आणि दाणा कवचातून उघडा पडला. दुसरं फुटव्यांचं. त्याच्या अलीकडे डीएनएचा एक उड्या मारणारा तुकडा येऊन बसला, त्यानं जनुकाचा जोर वाढवला आणि फुटवे दबले. ही उडी 20,000 वर्षांहून जुनी आहे, म्हणजे शेती सुरू होण्याच्या कितीतरी आधीची. रानातल्या हजारो झुडपांत अशी काही वेगळी झुडपं होती. ती कुणाच्या तरी नजरेत भरली आणि त्यांचं बी राखून ठेवलं गेलं. इतिहासातल्या जर-तरला इतक्या नेमकेपणानं बोट ठेवायला जागा क्वचितच मिळते. ते एक अक्षर बदललं नसतं, तर टेनोच्टिटलान उभं राहिलं असतं असं मला वाटत नाही.

मेक्सिकोच्या गेरेरो प्रांतातल्या एका कातळाच्या आडोशाखाली सापडलेल्या दळायच्या दगडांवर 8,700 वर्षांपूर्वीचे मक्याचे पिष्टकण मिळाले आहेत. पण मका रोजचं अन्न कधी झाला, हे हाडांवरून कळतं. मका, ज्वारी, बाजरी, ऊस ही पिकं हवेतला कार्बन वेगळ्या रासायनिक वाटेनं बांधतात, त्यामुळे त्यांच्यात कार्बन-13 हा जड कार्बन थोडा जास्त असतो. तो खाणाऱ्याच्या हाडांत उतरतो आणि हजारो वर्षं टिकतो. मध्य अमेरिकेतल्या बेलीझमधले सांगाडे या कसोटीवर तपासले, तेव्हा मका मुख्य अन्न झाला तो साधारण 4,000 वर्षांपूर्वी, असं दिसलं. म्हणजे लागवड सुरू झाल्यापासून चार हजारांवर वर्षं तो तोंडीलावण्यापुरताच होता. इतक्या पिढ्या कणीस मोठं करत राहिल्या, ज्याचं पुरतं फळ त्यांच्यापैकी कुणालाच मिळणार नव्हतं. पीकसुधारणेच्या इतिहासात याहून चिकाटीचं काम मला माहीत नाही.

त्यानंतर उत्तरेचा प्रवास, आणि तिथे दुसरी अडचण. उष्ण कटिबंधातला मका रात्र पुरेशी मोठी झाली तरच तुरा काढतो. उत्तरेतल्या उन्हाळ्यात दिवस पंधरा तासांचा. ताट वाढत राहतं, तुरा यायला उशीर होतो, आणि दाणा भरण्याआधी हिमकडाका येतो. त्यासाठी आणखी काही जनुकं बदलावी लागली. आजच्या अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात मका सुमारे 4,000 वर्षांपूर्वी पोचला, पण तिथल्या थंड पठारांवर लवकर फुलणारी कणसं दिसतात ती जेमतेम 1,900 वर्षांपूर्वीची. मिसिसिपीच्या खोऱ्यातल्या हाडांत इ.स. 900 च्या आधी मक्याची खूण फारशी नाहीच. मका रुळला, आणि दीड-दोनशे वर्षांत तिथे काहोकिया हे हजारो वस्तीचं नगर उभं राहिलं, 30 मीटर उंच मातीच्या टेकाडासह.

तिथल्या लोकांना त्याआधी शेती येत नव्हती, असं मुळीच नाही. सूर्यफूल त्यांनी स्वतः माणसाळवलं. आपण ज्याची ताकातली भाजी करतो त्या चाकवताची एक बहीण त्यांनी धान्यासाठी लावली, आणि निवडून निवडून तिच्या बियांची साल पातळ केली. पण खसखशीसारख्या बारीक बियांवर शहर पोसणं अवघड. पश्चिम आशियातल्या सातूला मात्र असा उशीर झाला नाही; ते पीक साडेतीन हजार वर्षांपूर्वीच आपल्या पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या शेतांत पोचलेलं होतं.

आता कल्पना करू: लवकर तुरा काढणारा मका मिसिसिपीच्या खोऱ्यात दोन हजार वर्षं आधी पोचला. मग काहोकियासारखी नगरं ओहायो, हडसन या नद्यांच्या काठांवरही झाली असती, राज्यं झाली असती, आणि 1620 मध्ये किनाऱ्यावर उतरलेल्या शंभरेक माणसांना कुणाचं तरी मांडलिक होऊन राहावं लागलं असतं. इथवर मला हे पटतं. पण त्यापुढे मेक्सिकोचा अनुभव आडवा येतो. तिथे दाट वस्ती होती, सैन्य होतं, मका मुबलक होता; तरी 1520 मध्ये आलेल्या देवीच्या साथीनं शहर खिळखिळं केलं. आशिया-युरोपात माणसं हजारो वर्षं गुराढोरांच्या संगतीत राहिली आणि त्यांचे काही रोग माणसांत उतरले. गोवराचा विषाणू हा गुरांच्या बुळकांडीच्या विषाणूचा जवळचा नातेवाईक आहे. अमेरिकेत माणसाळवण्याजोगी मोठी जनावरं जवळपास उरलीच नव्हती. तिथले घोडे तर हिमयुगाच्या अखेरीस नामशेष झाले होते. त्यामुळे ती माणसं बैलाच्या नांगराला मुकली, आणि त्या रोगांविरुद्धच्या प्रतिकारशक्तीलाही. नुसता मका लवकर येऊन ही उणीव भरली नसती. माझ्या मते युरोपीयांचा अंमल लांबणीवर पडला असता, टळला नसता.

उत्तरेच्या त्या मक्याची गोष्ट मात्र तिथे संपत नाही. कोलंबसानं कॅरिबियन बेटांवरून नेलेला मका स्पेनच्या उबदार भागातच रुजला. थंड युरोपसाठी उत्तर अमेरिकेतला कडक दाण्याचा, लवकर येणारा मका न्यावा लागला. 1847 मध्ये इलिनॉयमधल्या रॉबर्ट रीड या शेतकऱ्याचं दक्षिणेकडच्या वाणाचं बी नीट उगवलं नाही, म्हणून त्यानं नांग्या भरायला हाच उत्तरेचा मका लावला. दोन्हींचा आपसूक संकर झाला, त्यातून 'रीड्स यलो डेंट' हा वाण निघाला, आणि अमेरिकेच्या कॉर्न बेल्टमधल्या, म्हणजे मक्याच्या पट्ट्यातल्या, आजच्या कितीतरी संकरित वाणांची वंशावळ त्याच्यापाशी जाते.