फ्लूचा आकडा नेमकं काय मोजतो?

१० जून १९१८. मुंबईत सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. त्यांतला एक गोदीवर नेमणुकीला होता. हा मलेरिया नव्हे, एवढं डॉक्टरांच्या लक्षात आलं. मग इन्फ्लुएन्झा देशभर पसरला, पण मोजदादीला हाताशी होती ती गावोगावची मृत्यूनोंद, आणि तीत फ्लूचा बळी बहुतेकदा 'ताप' या रकान्यात जाऊन पडे. सरकारचा सुरुवातीचा अंदाज साठेक लाखांचा होता. १९२१ च्या शिरगणतीत माणसं कमी भरली, तेव्हा तो दुप्पट करावा लागला.

नमुन्यातून विषाणू ओळखायची सोय पुढची. जागतिक आरोग्य संघटनेचं फ्लू प्रयोगशाळांचं जाळं १९५२ चं. पुण्याचं विषाणू संशोधन केंद्र, म्हणजे आजची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था (एनआयव्ही), तेही त्याच सालचं. जिल्ह्याजिल्ह्यातून साथीची खबर दिल्लीला पोचवणारा एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम मात्र थेट २००४ मध्ये सुरू झाला.

पाच वर्षांत स्वाइन फ्लू आला. मे २००९ मध्ये अमेरिकेहून हैदराबादला आलेला प्रवासी हा देशातला पहिला रुग्ण. सुरुवातीला हिशेब सोपा होता: विमानतळावर तपासणी, सहप्रवाशांचा शोध, घशातला स्वाब पुण्याला किंवा दिल्लीला. ३ ऑगस्टला पुण्यात एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला, देशातला पहिला. नायडू रुग्णालयाबाहेर रांगा लागल्या. साधं नाक गळणाऱ्यालाही तपासणी हवी होती. मग त्याच महिन्यात केंद्राने रुग्णांचे अ, ब, क असे गट पाडले. अ आणि ब गटाने घरीच राहायचं, त्यांची तपासणी नाही. धाप लागलेल्या, रक्तदाब उतरलेल्या क गटातल्यांचा स्वाब घ्यायचा.

निर्णय बरोबरच होता. प्रयोगशाळांना तो भार झेपला नसता. पण त्या दिवसापासून 'एकूण रुग्ण' या शब्दांचा अर्थ बदलला. आधी त्यात परदेशाहून आलेले आणि त्यांच्या संपर्कातले मोजले जात, नंतर मुख्यतः गंभीर आजारी. तरी दोन्ही आकडे एकाच बेरजेत जात राहिले, आणि मृत्यूचं प्रमाणही त्याच बेरजेवरून काढलं जाई.

२०२० मध्ये कोविडच्या सुरुवातीलाही भर विमानतळांवरच होता. सोबत रुग्णालयांतल्या श्वसनाच्या तीव्र आजाराच्या ५,९११ रुग्णांची तपासणी झाली. १०४ बाधित निघाले. त्यांतल्या ४० जणांनी ना परदेशप्रवास सांगितला, ना कुणा बाधिताशी संपर्क.